तीर्थरूप आणि जंगलजेटी

वडिलांना घेऊन प्रवासाला निघायचे असेल तर वाहन बोट असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारीत वडील पुढच्या सीटवर बसतात आणि आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहतात. रेल्वेत ते समोरच्याचे तिकीट मागून घेऊन त्याचा डबा बरोबर आहे का ते तपासतात. बोटीत ब्रेक नसतो, ओव्हरटेक नसतो, 'डावीकडून घे' म्हणायला डावीकडे रस्ता नसतो. सूचना करायला एकटा तांडेल उरतो, आणि तो इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येऊ नये इतक्या उंचावर बसलेला असतो.

आमचे अण्णा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सबंध नोकरी त्यांनी लोखंडी जाळीच्या खिडकीमागे माइक धरून काढली. खाकी उतरली, पण माइक काही सुटला नाही. आई स्वयंपाकघरातून 'चहा झाला' म्हणाली की ते 'किती वाजता सुटतोय?' असे विचारतात. पाहुणे निघाले की फाटकात उभे राहून त्यांची गाडी 'काढून' देतात. अशा माणसाला पर्यटनाला चला म्हणणे सोपे नसते, कारण रत्नागिरी जिल्ह्यात असे एकही ठिकाण नाही, जिथली मुक्कामाची गाडी त्यांनी कधी सोडलेली नाही.

ते तयार झाले ते साडूंमुळे. कोकणातला माणूस भावाशी भांडतो, शेजाऱ्यावर दावा लावतो, पण बरोबरी करतो ती साडूशी. अण्णांच्या पुण्याच्या साडूंना त्यांच्या मुलाने इंग्लंडमध्ये कालव्यातून होडीने फिरवून आणले होते आणि तिथून त्यांनी व्हिडिओ कॉल केला. होडी कसली, तरंगती ओसरीच ती. लांबीला सत्तर फुटांपर्यंत आणि रुंदीला सात फुटांच्याही आत, कारण तिथल्या पुष्कळ कालव्यांवरची पाण्याची कुलपे, म्हणजे लॉक, सात फुटीच बांधलेली. पूर्वी त्यांतून कोळसा जायचा आणि काठावरून घोडा ती ओढायचा. आता डिझेल इंजिन आहे, पण वेगाची मर्यादा ताशी चार मैल. साडू आतल्या पलंगावर बसून सांगत होते, की वाटेत केन हिल म्हणून एक चढ आहे, तिथे दोन मैलांत एकोणतीस लॉक आहेत आणि ते पार करायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. प्रत्येक लॉकपाशी प्रवाशांनीच खाली उतरून दारे ढकलायची.

"म्हणजे धक्का मारायचा?" अण्णांनी विचारले.

"तसंच म्हणा."

"आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीलाच मारतात."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिथी बघू लागले. "दोन मैलांना एक दिवस," ते म्हणाले. "आणि ह्याचं कौतुक! आपल्याकडे काय पाणी नाही?"

पाणी आहे, आणि त्याला कुणी खणलेले नाही. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा उत्तरेकडून मोजत आलो तर सावित्रीची बाणकोट खाडी, जोग नदीची आंजर्ल्याची, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची आणि पुढे जैतापूरची. सह्याद्रीतून नदी सुटते आणि समुद्र तिला घ्यायला दिवसातून दोनदा कित्येक कोस आत येतो. ह्या भरतीच्या पाण्यावर गलबते थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत, राजापूरपर्यंत जात. इंग्रजांनी 1649 मध्ये राजापुरात वखार घातली ती काही गंगा बघायला नव्हे. विलायतेत पाणी वर चढवायला एकोणतीस दारे लागतात. आमच्याकडे चंद्र ते काम बिनपगारी करतो. अण्णांना एवढीच गोष्ट खटकते, की त्याची हजेरी रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

ह्या पाऊण तासाचा हिशेब खाडीकाठच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. माझ्या मोबाइलमधला भरतीचा तक्ता आणि अण्णांची पाऊणपट ह्यांत दहा मिनिटांचा फरक आला. मोबाइल चुकतो, असा शेरा अण्णांनी मारला आणि आम्ही निघालो.

बेत असा होता, की रत्नागिरीहून उत्तरेला निघायचे, आरेवारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगड गाठायचे आणि तिथून जिल्हा संपेपर्यंत लागेल ती खाडी पाण्यावरून ओलांडायची. मोटार बोटीतूनच न्यायची. हे काम कोकणात जंगलजेटी करते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: सपाट लोखंडी बोट, पुढे खाली पडणारी फळी, खाली मोटारी, दुचाक्या, आंब्याच्या पेट्या, एखादा टेम्पो, आणि वरच्या मजल्यावर माणसे. धक्क्यावर फळी आपटल्याचा आवाज खाडीच्या दोन्ही तीरांना ऐकू जातो. जिल्ह्यात ही सोय मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती 2003 पासून, दाभोळ–धोपावे फेरीने.

जयगडला किल्ला आहे, दीपगृह आहे, वीज प्रकल्प आहे. अण्णांनी ह्यांतले काही पाहिले नाही. ते थेट तिकिटाच्या खिडकीशी गेले आणि निवृत्त कर्मचाऱ्याचा एसटीचा पास आत सरकवला. आतल्या मुलाने तो उलटासुलटा करून पाहिला.

"काका, हा पाण्यावर नाही चालत."

"मग माझं तिकीट फाड. आणि सुटायची वेळ?"

"भरली की सुटेल."

ह्या तीन शब्दांनी अण्णांचा चेहरा असा झाला, की मला वाटले आता परत फिरावे लागणार. भरली की सुटते ती वडाप. जिला वेळापत्रक आहे ती रिकामीही सुटते, ह्या तत्त्वावर त्या माणसाने उभे आयुष्य काढलेले. मी त्यांना भिंतीवरचा वेळांचा फलक दाखवला. तो त्यांनी घड्याळाशी ताडून पाहिला, मग ते जरा शांत झाले. 'भरली की' हे त्या पोराचे स्वतःचे मत होते, असे निष्पन्न झाले.

खरा प्रसंग पुढे आहे. जंगलजेटीवर मोटार चढवायची म्हणजे बरेचदा मागे घेत चढवायची. उतार निसरडा, दोन्ही बाजूंना पाणी, आणि खलाशी हात हलवून काहीतरी सांगतो, ज्याचा अर्थ 'ये' आणि 'थांब' ह्यांपैकी कोणताही असू शकतो. मी रिव्हर्स टाकला. इतक्यात मागून आवाज आला:

"येऊ द्या! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... लेफ्ट मार... अजून... सरळ... येऊ द्या... बस्स!"

आणि टपावर दोन थापा पडल्या.

त्या आवाजात अशी काही जरब होती, की माझ्या मागचा टेम्पोवाला, त्याच्यामागचे पुण्याचे कुटुंब आणि शेवटी एक गोव्याच्या नंबरप्लेटची गाडी, सगळे निमूटपणे अण्णांच्या हाताकडे बघून चढले. दोन बोटांचे अंतर ठेवून गाड्या लागल्या. नेहमी सहा मावतात तिथे सात बसल्या. खलाशी बिडी पेटवून कठड्याला टेकून बघत होता. "काका रोज येतात काय?" त्याने मला विचारले, आणि त्या प्रश्नात तक्रार नव्हती, आशा होती. पुण्याच्या बाईंनी अण्णांना वीस रुपये देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत, पण नंतर दिवसभर ही गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली.

फळी वर उचलली गेली, इंजिनाने धूर टाकला आणि जयगडचा धक्का मागे सरकू लागला. पंधरा-वीस मिनिटांचा हा प्रवास. एवढ्या वेळात सुज्ञ माणूस काठावरची कांदळवने बघतो, घारी बघतो, वारा खातो. अण्णा वरच्या मजल्यावर जाऊन चौकशीला लागले. 'कुठले तुम्ही?' 'तवसाळचे म्हणजे नेमके कुठले?' 'कोणाचे?' कोकणात ह्या तीन प्रश्नांतून सुटका नाही. तिसऱ्या उत्तरापर्यंत निम्मी बोट एकमेकांची नातेवाईक निघते आणि उरलेली निम्मी एकाच कोर्टात वादी-प्रतिवादी.

तवसाळला उतरून आम्ही हेदवीला गेलो. तिथे समुद्राच्या खडकात एक चीर आहे, बामणघळ. भरतीला लाट तिच्यात शिरते आणि पाणी उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता ओला दगड दिसतो. अण्णांच्या पाऊणपटीमुळे आम्ही नेमके उसळत्या पाण्यापुढे जाऊन उभे राहिलो. मोबाइलवाले बरेच जण ओला दगड बघून आदल्या दिवशी परत गेले होते, असे तिथल्या शहाळेवाल्याने सांगितले. त्याने ते सांगितले नसते तर बरे झाले असते. अण्णा ते विसरायला तयार नाहीत.

वेळणेश्वर आणि गुहागर ह्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की दोन्हीकडे देऊळ, समुद्र आणि जेवण उत्तम आहे आणि दोन्हीकडे अण्णांनी स्टँडवर जाऊन 'सध्या कोण आहे' ते पाहिले.

धोपाव्याच्या धक्क्यावरून पलीकडे दाभोळ दिसते आणि अलीकडे, ह्याच तीरावर, वेलदूर-अंजनवेलचा तो वीज प्रकल्प. नव्वदच्या दशकात एन्रॉन ह्या नावाने त्याने महाराष्ट्राचे राजकारण ढवळून काढले. 2001 मध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि पुढे प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नव्या कंपनीकडे आला. ह्या साऱ्या काळात त्याचे नाव दाभोळ प्रकल्प. दाभोळ खाडीच्या त्या तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प ह्या तीरावर, गुहागर तालुक्यात. अण्णांचा ह्या प्रकल्पावर पर्यावरणाचा, वीजदराचा, कराराचा कसलाही आक्षेप नाही. त्यांचे म्हणणे एकच: "बोर्ड दाभोळचा आणि उतरवायचं वेलदूरला. आमच्यात असा बोर्ड लावणारा सस्पेंड झाला असता."

दाभोळच्या फेरीत अण्णांना भेटले एक दाभोळचे गृहस्थ. पांढरी दाढी, जाळीची टोपी, वीस-पंचवीस वर्षे कुवेतला काढून आता गावी आलेले. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या आधीच ते अण्णांकडे टक लावून बघू लागले.

"तुम्ही रत्नागिरी स्टँडवर होतात?"

"होतो."

"माइकवर?"

"हो."

"या अल्ला," ते म्हणाले. "परशुराम घाटात दरड आली, दापोलीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. तो तुमचाच आवाज! माझ्या निकाहाला दोन दिवस राहिले होते."

अण्णांनी एवढ्या वर्षांनी खुलासा केला, की दरड खरोखरच आली होती. गृहस्थांनी तो मान्य केला. मग दोघांनी मिळून त्या पावसाळ्यातल्या सगळ्या दरडी आठवल्या, कोणती गाडी कुठे अडकली, कोणता ड्रायव्हर तीन दिवस चिपळूणला कसा राहिला. धक्का आला, फळी आपटली, गाड्या उतरल्या, तरी हे दोघे कठड्यापाशीच. शेवटी खलाशी वर येऊन म्हणाला, "काका, परत जाताय काय? तिकीट नाही लागणार." आम्ही दाभोळला उतरलो तेव्हा अण्णांच्या हातात सुकट होती आणि त्या गृहस्थांच्या घरी जेवायचे आमंत्रण होते.

जेवताना विषय निघाला तो जुन्या बोटींचा. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी थांबत जायची. थांबायची म्हणजे भर समुद्रात. धक्क्यापर्यंत पाणी पुरायचे नाही म्हणून काठावरून पडाव जायचा आणि ट्रंका, कोंबड्या, बाळंतिणी सगळे त्या हेलकावणाऱ्या पडावातून वर चढायचे. पावसाळ्याचे महिने बोट बंद. इंग्रज कंपनीला टक्कर द्यायला देशी लोकांनी काढलेल्या कंपनीचे नाव लोकांच्या तोंडी 'माझी आगबोट' असे होते. अण्णांचे वडील असे मुंबईला जायचे आणि त्यांना हटकून बोट लागायची. पोचल्यावर दोन दिवस त्यांना गिरगावातली चाळही हलताना दिसायची.

"मग बंद का झाल्या?" यजमानांच्या नातवाने विचारले.

"आम्ही बंद केल्या," अण्णा म्हणाले. आवाजात अपराध नव्हता, पदोन्नतीचा अभिमान होता. रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, एसटी वाडीवाडीत जाऊ लागली, आणि ऐंशीच्या दशकात कोकण किनाऱ्यावरची नेहमीची प्रवासी बोट संपली. त्यानंतर दापोली आणि गुहागर हे समोरासमोरचे तालुके एकमेकांना दिसत राहिले, पण एसटीने जायचे तर खेड-चिपळूणचा वळसा. तो वळसा अण्णांनीच कितीदा वेळापत्रकात बसवलेला. ज्या पाण्याला त्यांच्या खात्याने निवृत्त केले त्याच पाण्यावर ते आता तिकीट काढून हिंडत होते, आणि त्यांना त्यात काही गंमत वाटत नव्हती. मला वाटत होती, म्हणून मी ती सांगायला गेलो. "सुकट खा," ते म्हणाले.

हर्णैचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी हे सारे यथासांग झाले. वेसवीला मात्र पेच पडला. इथे बाणकोट खाडीने रत्नागिरी जिल्हा संपतो. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले, शेजारचे वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, आणि खाडीपलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. अण्णा धक्क्यावर थांबले.

"तो रायगड विभाग," ते म्हणाले. "तिकडे आपलं काही नाही."

बोट उभी, फळी खाली, खलाशी हात हलवतोय, आणि निवृत्त नियंत्रक विभागाची हद्द ओलांडायला तयार नाही. शेवटी तोड निघाली. मोटार रत्नागिरी जिल्ह्यात ठेवायची, पायी पलीकडे जायचे, बागमांडल्याला चहा घ्यायचा आणि परतीच्या फेरीने माघारी यायचे. चहा त्यांनी घेतला. रायगडचा चहा पाणचट असतो, असे मत दिले. तो आमच्यासमोर उकळत होता तेव्हाच त्यांचे हे मत झालेले होते.

ह्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब उभे आहेत. सागरी महामार्गावरच्या राहिलेल्या खाड्यांवर आता मोठे पूल होणार आहेत. बाणकोट, दाभोळ, जयगड सगळीकडे. परतीच्या बोटीत ते खांब बघून मी जरा हळवा झालो. पूल झाला की दोन मिनिटांत पार, मग हा वारा नाही, ही फळी नाही, 'कुठले तुम्ही' नाही, असे काहीबाही बोललो. पर्यटकाने असे बोलायचेच असते.

अण्णा खांबांकडे बघत म्हणाले, "तुझं काय जातंय? तू वर्षातून एकदा येणार. रात्री दाभोळची शेवटची फेरी गेल्यावर बाई अडली की तिला चिपळूणवरून फिरवून न्यायची का? पूल पाहिजे. पूल झाला की गाडी टाइमात."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

परत येताना चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी बघायला छोट्या होडीतून नेतात. ओहोटीला चिखलाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. तासन्‌तास हलत नाहीत. अण्णांनी दोघींना पाहून रत्नागिरी डेपोतल्या दोन माजी सहकाऱ्यांची नावे घेतली. ती इथे देत नाही. होडीवाल्याला मी माहिती दिली, की 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले, त्यांत दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी हा 28 क्रमांकाचा आहे. म्हणजे आपण आत्ता राष्ट्रीय जलमार्गावर आहोत.

"खड्डे नाहीत," अण्णा म्हणाले. "मुंबई-गोवा हायवेपेक्षा बरा."

घरी आल्यावर त्यांनी साडूंना फोन लावला. प्रवासाचे वर्णन ऐकून साडू म्हणाले, "पण बोटीत झोपायला मिळालं का? आमच्यात पलंग होता." अण्णांनी फोन ठेवला आणि आता ते जयगड खाडीतल्या राई बंदरात महिला बचतगटाने चालवायला घेतलेल्या हाऊसबोटीची चौकशी करत आहेत. तिला सुटायची ठराविक वेळ आहे का, एवढाच मुद्दा अडला आहे.

तुम्ही निघणार असाल तर पूल व्हायच्या आत निघा. पावसाळा टाळा, तिथी बघा, सुटे पैसे ठेवा आणि शेवटची फेरी कितीची ते धक्क्यावर आधी विचारून घ्या, कारण दाभोळला ती चुकली तर वळसा चिपळूणचा आहे. वडील बरोबर असतील तर प्रत्येक खाडीला एक फेरी फुकट जाणार, हे धरून चाला. आणि जयगडला कुणी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत असेल तर निर्धास्त मागे या. वीस रुपये मात्र देऊ नका.